विश्लेषण : अनेक वर्षे बंद असलेले कौलारू घर विकत घेताना ओल कशी तपासावी?

नोकरी संपत आली की कोकणात एखादे जुने चिरेबंदी घर घ्यावे, असे मुंबई-पुण्यातील अनेकांच्या मनात असते. अशी घरे विक्रीलाही निघतात. वारस शहरात स्थायिक झालेले, दाराला कुलूप, अंगणात गुडघाभर गवत. दलाल घर दाखवतो ते बहुधा दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात. तेव्हा भिंती कोरड्या असतात, ताजा रंग दिलेला असतो आणि माजघरात छान गारवा असतो. व्यवहार होतो. मग जुलै उजाडतो आणि त्याच भिंतींचे पोपडे पडू लागतात, कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो, तुळईच्या टोकाशी लाकडाचा भुगा दिसतो. निवृत्तीच्या पैशांतील मोठा वाटा घरात गेलेला असतो आणि दुरुस्तीचा खर्च कुणी हिशेबातच धरलेला नसतो.

ओल असलेले जुने घर घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. कोकणात ओलीचा एकही डाग नसलेले जुने घर शोधायला गेले तर आयुष्य पुरणार नाही. खरा प्रश्न पाणी कोणत्या वाटेने येते, हा आहे. दोन घरांतले डाग दिसायला सारखे असू शकतात. पण एका घरात चार कौले बदलून काम भागते आणि दुसऱ्यात निम्मे छप्पर उतरवावे लागते. हा फरक व्यवहाराआधी ओळखता येतो. त्यासाठी काय पाहावे लागते?

रिकामे घर लवकर का खराब होते?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. एवढ्या पावसात ही घरे टिकली ती बांधकामाच्या जोरावर जेवढी, तेवढीच माणसांच्या राबत्यामुळे. दर वर्षी पावसाआधी शाकारणी होत असे. फुटकी कौले बदलली जात, सरकलेली पुन्हा बसवली जात. पश्चिमेकडच्या भिंतीला आणि पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापे बांधली जात, म्हणजे पावसाची झड थेट भिंतीवर येत नसे. चुलीची धग आणि धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडताना वासे आणि रिपा कोरड्या ठेवत असे. किडीलाही धूर मानवत नसे. रोज दारे-खिडक्या उघडत, वारा खेळत असे.

घर बंद झाले की हे सगळे एकदम थांबते. माकडांनी सरकवलेले एक कौल कुणाच्या लक्षात येत नाही आणि पुढचे तीन पावसाळे त्याच वाशावर पाणी ठिबकत राहते. त्यामुळे ‘घर किती जुने आहे?’ हा प्रश्न दुय्यम. ‘घर किती वर्षे बंद आहे आणि शेवटची शाकारणी कधी झाली?’ हा पहिला प्रश्न. शंभर वर्षे सलग राहते असलेले घर अनेकदा दहा वर्षे बंद पडलेल्या नव्या बंगल्यापेक्षा धडधाकट निघते. विक्रेत्याला याचे उत्तर सांगता येत नसेल, तर ते शेजारच्या घरात मिळते. शेजाऱ्यांना छपरावर कोण, कधी चढले होते हे बरोबर आठवत असते.

पाणी भिंतीत शिरते कुठून?

ढोबळमानाने चार वाटा : वरून, बाजूने, खालून आणि हवेतून. वरून म्हणजे छपरातून, पन्हळीतून, दोन छपरे मिळतात त्या सांध्यातून. बाजूने म्हणजे वाऱ्याबरोबर भिंतीवर आदळणाऱ्या झडीतून आणि पागोळ्यांच्या उडणाऱ्या शिंतोड्यांतून. हवेतून येणारी ओल म्हणजे दमट हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमणे. जूनच्या सुरुवातीला बंद घरातल्या फरशीला घाम सुटल्यासारखे दिसते, ते हेच. पाचवी वाट माणसाने तयार केलेली : न्हाणीघराची किंवा नंतर बसवलेल्या शौचालयाची गळकी नळजोडणी.

सर्वात जास्त गैरसमज खालून येणाऱ्या ओलीबाबत आहेत. कोकणातील आणि गोव्यातील जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची असतात. जांभा सच्छिद्र दगड आहे. बांधकामासाठीच्या जांभ्याच्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषले, तरी ते भारतीय मानकाला चालते. म्हणजे तीस किलोचा एक चिरा साडेतीन लिटरच्या आसपास पाणी पोटात ठेवू शकतो. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तसे जमिनीतील पाणी अशा भिंतीतून वर चढते. आजच्या घरांत जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर, म्हणजे डीपीसी टाकतात. जुन्या घरांत तो सहसा नसतो. तरीही हे पाणी भिंतभर चढत नाही. वर जाता जाता ते पृष्ठभागावरून उडून जाते, त्यामुळे त्याची मजल साधारण मीटरभर, फार तर दीड मीटरपर्यंत असते.

पाणी उडते, पण त्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. भिंतीवर पांढरी पूड फुटते, गिलावा भुसभुशीत होतो. यालाच जुनी माणसे ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणतात. या क्षारांपैकी काहींचा स्वभाव त्रासदायक असतो. ते हवेतला ओलावा स्वतःच खेचून घेतात. परिणामी मूळ पाणी बंद केल्यावरही पावसाळ्यात तो पट्टा पुन्हा ओला दिसतो आणि घरमालक दुसऱ्यांदा दुरुस्तीवर खर्च करतो. वास्तविक तेथे फक्त क्षारांनी भरलेला जुना गिलावा खरवडून काढायचा राहिलेला असतो.

भिंतीवरचे डाग कसे वाचायचे?

डाग किती मोठा आहे यापेक्षा तो कुठे आहे, कोणत्या आकाराचा आहे आणि त्याची कड कशी आहे, याकडे पाहावे. खोलीच्या सगळ्या भिंतींवर जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर जवळपास आडवी, मातकट किंवा पिवळसर रेघ दिसत असेल आणि तिच्याजवळ पांढरी पूड असेल, तर ओल खालून येते आहे. आतल्या भिंतींवरही, म्हणजे ज्यांना बाहेरचा पाऊस लागूच शकत नाही अशा माजघराच्या भिंतींवरही ती रेघ असेल, तर शंका उरत नाही. याउलट एकाच भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या, वेडेवाकडे डाग असतील तर ती झड आहे. खिडकीच्या चौकटीखालून दोन्ही बाजूंना उतरणारे डागही तेच सांगतात.

वरून खाली ओघळत आलेला, वर रुंद आणि खाली निमुळता, कडेला तपकिरी वलये असलेला डाग छपराकडे बोट दाखवतो. वलये मोजावीत. झाडाच्या खोडातील वर्षांची गणती येथे लागू नाही, पण एकापेक्षा अधिक वलये म्हणजे तेथे पाणी पुन्हा पुन्हा येऊन वाळले आहे, एवढे नक्की. डाग भिंतीच्या मध्यावरच, गोलसर आणि कोणत्याही ऋतूत ओला असेल तर पलीकडे नळ, टाकी किंवा मोरी आहे का, हे पाहावे. कोपऱ्यात, कपाटामागे, छताजवळ काळे ठिपके असतील आणि गिलावा मात्र कडक असेल, तर ती हवेतल्या ओलीवर वाढलेली बुरशी असते. ती दिसायला सर्वात भयानक. पण खर्चाच्या दृष्टीने बऱ्याचदा सर्वात स्वस्त, कारण खिडक्या उघडून काही आठवडे घर वापरात आणले की तिचा जोर ओसरतो. अर्थात बुरशीकडे दुर्लक्ष करण्याजोगी ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि दमा व श्वसनाच्या तक्रारींशी त्यांचा संबंध नोंदवला. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर हा मुद्दा किमतीच्याही आधी येतो.

नाकाचाही उपयोग करावा. कुलूप उघडल्यावर पहिल्या मिनिटात येणारा वास महत्त्वाचा. पाच मिनिटांनी नाक सरावते. दलालाने आधी येऊन सगळ्या खिडक्या उघडून, उदबत्ती लावून ठेवली असेल तर दुसऱ्या वेळी न कळवता जावे.

ताजा रंग हा धोक्याचा इशारा का?

वीस वर्षे बंद असलेल्या घराला विक्रीच्या तोंडावर रंग का दिला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. घर सजवून दाखवणे गैर नाही. पण सगळे घर जुन्या रंगात आणि एकच भिंत नवी, किंवा भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टाच वेगळ्या ऑइल पेंटचा, असे दिसले तर ती भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर आतला गिलावा सुटलेला आहे. खालच्या पट्ट्यावर लाकडी फळ्या, टाइल्स किंवा प्लास्टिकचे पॅनेल बसवले असेल तर अधिकच सावध राहावे. टाइल्स ओल थांबवत नाहीत, झाकतात. पाणी मग टाइल्सच्या वरच्या कडेपर्यंत चढून तेथे दिसू लागते.

याहून मोठी अडचण सिमेंटच्या गिलाव्याची आहे. जुन्या भिंती चुन्यात किंवा मातीत रचलेल्या असत आणि गिलावाही चुन्याचा असे. चुना ओल आत घेतो आणि तितक्याच सहजपणे बाहेर सोडतो. नंतरच्या पिढीने ‘मजबुती’ म्हणून त्यावर सिमेंटचा जाड थर चढवला आणि वर प्लास्टिक इमल्शन फासले. आता भिंतीतले पाणी बाहेर पडायची वाट बंद झाली. ते आणखी वर चढते, नाहीतर आतल्या बाजूला फुटते. सिमेंटला तडे गेले की पावसाचे पाणी त्यातून आत जाते आणि मागे अडकून पडते. जुन्या भिंतींचे आजवर जितके नुकसान पावसाने केले असेल, त्यात या चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने मोलाची भर घातली आहे. म्हणून उघडा जांभा किंवा जुना चुन्याचा गिलावा असलेली, जरा गबाळी दिसणारी भिंत ही अनेकदा गुळगुळीत सिमेंटच्या भिंतीपेक्षा चांगली बातमी असते.

खरा खर्च कुठे लपलेला असतो?

लाकडात. भिंतीची ओल डोळ्यांना खुपते, पण घर घेणाऱ्याचे कंबरडे मोडते ते कुजलेले लाकूड. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर राहिले की कुजवणारी बुरशी वाढू लागते. वाळवीलाही ओलावा हवाच असतो. त्यामुळे जेथे भिंत ओली, तेथे तिच्यात रुतलेले तुळईचे टोक, दाराच्या चौकटीचा पाय आणि खांबाची बैठक धोक्यात असते. गंमत अशी, की मधली तुळई दगडासारखी टणक असते आणि फक्त भिंतीतले वीतभर टोक पिठासारखे झालेले असते. भार मात्र त्याच टोकावर असतो.

यासाठी लागणारे हत्यार म्हणजे साधा पेचकस. विक्रेत्याची परवानगी घेऊन भिंतीलगत प्रत्येक तुळईच्या टोकाला तो टोचून पाहावा. चांगल्या जुन्या सागवानात किंवा फणसाच्या लाकडात तो जेमतेम शिरतो. बोटाच्या पेरभर सहज आत गेला तर लाकूड संपले आहे. चौकटीच्या तळाशी आणि खांबाखालच्या दगडाजवळही हीच चाचणी. ठोकल्यावर भरीव ‘टक’ आवाज यावा. ढबढब आवाज आला तर आतून वाळवीने पोखरले असण्याची शक्यता असते. भिंतीवरून वर जाणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर त्या मोडून पाहाव्यात. आत पांढरे किडे दिसले तर वाळवी चालू आहे. नळी रिकामी असली म्हणजे ती गेली असे मात्र नाही.

मग छपराखाली जावे. माळ्यावर किंवा पाटणीवर चढून, भर दुपारी, दिवे बंद करून वर पाहिले की उजेडाचे कवडसे दिसतात. तेवढी पावसाची दारे. प्रत्येक कवडशाखालचा वासा हाताने चाचपावा. काळा पडलेला पण टणक असेल तर बिघडलेले काही नाही. तो चुलीचा धूर असतो आणि तो एक प्रकारचा लेपच. राखाडी, मऊ आणि तंतू सुटे झालेला असेल तर बदलावा लागेल. मंगळुरी कौले हातात घेऊन वाजवावीत. खणखणीत वाजणारे कौल चांगले, बद्द वाजणारे तडकलेले. ही कौले १८६५ मध्ये बासेल मिशनच्या मंगळुरूतील कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पसरली. जुन्या साच्याची कौले आजच्या कौलांत नीट बसतीलच असे नाही. म्हणून घराच्या मागे जुन्या कौलांची चळत रचून ठेवलेली दिसली तर ती व्यवहारात घराबरोबर मागून घ्यावी.

आढ्याकडे बाहेरून, थोडे दूर उभे राहून पाहावे. सरळ रेघेऐवजी मध्ये झोळ दिसत असेल तर खालचे लाकूड झुकले आहे. हा झोळ कौले बदलून जात नाही.

घराबाहेर काय तपासावे?

बहुतेक खरेदीदार घरात तासभर घालवतात आणि बाहेर पाच मिनिटे. हे उलटे हवे. सर्वप्रथम जोते पाहावे. बांधले तेव्हा ते जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असेल. नंतर रस्त्यावर डांबराचे थर चढले, अंगणात भराव पडला, पेव्हर ब्लॉक बसले आणि आज जोते वीतभरच उरले. घराच्या आतली जमीन बाहेरच्या जमिनीच्या बरोबरीची किंवा खाली असेल, तर भिंतीचा खालचा भाग प्रत्यक्षात जमिनीत गाडला गेला आहे. तेथे आतून कितीही लेप लावले तरी उपयोग नाही. बाहेरची माती उपसून जोते मोकळे करणे हाच उपाय असतो आणि तो बहुधा सर्वात स्वस्तही असतो. मात्र शेजारचा रस्ताच उंच झाला असेल तर तो पर्याय राहत नाही. शहरांतील जुन्या वाड्यांची हीच अडचण आहे. पुण्यातील वाड्यांच्या काळ्या बेसॉल्टच्या जोत्यातून पाणी जांभ्यासारखे चढत नाही, पण रस्त्याची पातळी त्या जोत्याच्या वर गेली की वरच्या विटांना आणि मातीला थेट ओल लागते.

दुसरे, अंगणाचा उतार. बादलीभर पाणी भिंतीपासून दोन हातांवर ओतावे आणि ते कुठे जाते ते पाहावे. घराकडे वळले तर पावसाळाभर तेच होत असणार. डोंगरउतारावरच्या घरांत मागची भिंत वरच्या मातीला टेकलेली असते. त्या भिंतीमागे पाणी वाहून नेणारा चर आहे का आणि तो बुजलेला तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढचे काही बोलू नये. तिसरे, पागोळ्या. वळचण आखूड असेल किंवा नंतर कुणी छप्पर कापले असेल, तर पागोळ्या भिंतीच्या अगदी पायाशी पडतात आणि फूट-दीड फूट उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडतात. हा पट्टा खालून चढलेल्या ओलीसारखाच दिसतो. मात्र तो फक्त बाहेरच्या बाजूला असतो. अशा ठिकाणी महागड्या रसायनांऐवजी पन्हळ लावली की काम होते.

शोषखड्डा आणि सेप्टिक टाकी भिंतीपासून किती अंतरावर आहे, विहीर कुठे आहे, भिंतीला वड-पिंपळाचे रोप फुटले आहे का, तेही पाहावे. उपटून टाकलेल्या पिंपळाचे मूळ भिंतीत जिवंत राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटते.

ओल मोजणारी यंत्रे किती खरी?

दोन टोचण्यांचा छोटा मॉइश्चर मीटर ऑनलाइन सहज मिळतो. तो विजेला होणारा विरोध मोजतो आणि त्याचे आकडे मुळात लाकडासाठी बेतलेले असतात. लाकडावर तो उपयोगी आहे. भिंतीवर त्याचा आकडा टक्केवारी म्हणून वाचू नये, कारण लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि भिंत कोरडी असली तरी मीटर लाल दाखवतो. एकाच भिंतीवर खालून वर, दर फुटावर आकडे घेऊन ते कुठे एकदम घसरतात, एवढे पाहायला तो ठीक.

त्यापेक्षा एक घरगुती चाचणी बरी. भिंतीवर हातभर जाड प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवायचे. बाहेरच्या बाजूला दव आले तर ओल हवेतली. भिंतीकडच्या बाजूला आले तर ती भिंतीतली. अधिक खात्री हवी असेल तर भिंतीच्या पोटातून ड्रिलने काढलेली पूड तोलून, भट्टीत वाळवून पुन्हा तोलता येते. हे काम प्रयोगशाळेत होते आणि मोठ्या व्यवहारातच परवडते.

पाहणी कोणत्या महिन्यात करावी?

जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये, सलग दोन-तीन दिवस जोरदार पाऊस झाल्यावर. त्या दिवशी घर काहीच लपवू शकत नाही. शक्य असेल तर दुसरी पाहणी एप्रिल-मेमध्ये करावी. मेमध्येही भिंत ओली असेल तर पाणी पावसाचे नाही. ते नळाचे, शोषखड्ड्याचे किंवा जमिनीतले आहे. एकच फेरी शक्य असेल तर पावसातली निवडावी. त्या दिवसांत येण्यास विक्रेता सारखी टाळाटाळ करत असेल, तर तेही एक उत्तरच.

बरोबर कोण असावे, याला महत्त्व आहे. बँकेचा मूल्यांकनकार कर्जासाठी किंमत ठरवतो, ओल तपासत नाही. आरसीसी इमारतींची सवय असलेल्या अभियंत्यापेक्षा जुन्या बांधकामांवर काम केलेला वास्तुविशारद किंवा संरचना अभियंता हवा. आणि त्याच्या जोडीला गावातला जुना सुतार. छपराचा खर्च तो तुळई नुसती पाहून सांगतो. ओलीचे निदान मोफत करून देणारा वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार मात्र निदानासाठी बोलावू नये. त्याच्याकडे जे रसायन असते, तेच बहुधा प्रत्येक भिंतीला लागते.

उपायांचा खर्च कसा लावावा?

भिंतीला भोके पाडून रसायन सोडण्याची, म्हणजे इंजेक्शनची पद्धत आता छोट्या शहरांतही विकली जाते. सलग विटांच्या भिंतीत ती काही वेळा चालते. पण जुन्या जांभ्याच्या भिंतीत चिरे ओबडधोबड, मध्ये माती आणि पोकळ्या. रसायनाचा अखंड थर बनेल याची शाश्वती कमी. शिवाय मुळात पाणी शिंतोड्यांचे किंवा गळक्या मोरीचे असेल तर हा सगळा पैसा वाया. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी छप्पर आणि पन्हळ, मग बाहेरची जमीन आणि निचरा, मग नळ, त्यानंतर सिमेंटचा गिलावा काढून भिंत उघडी ठेवणे आणि सर्वात शेवटी नवा चुन्याचा गिलावा.

शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये वेळ जातो, पैसा कमी. पाण्याचा स्रोत बंद केल्यावरही जाड भिंत इंचाला साधारण एक महिना या गतीने वाळते, असा एक ठोकताळा आहे. पंधरा इंची भिंतीला म्हणजे सव्वा वर्ष, आणि मधल्या पावसाळ्यात ते वाळणे जवळपास थांबते. ताबा घेऊन दोन महिन्यांत गृहप्रवेश करण्याचा बेत असेल तर जांभ्याचे ओले घर त्या बेतात बसणारे नाही. पंधरा दिवसांत भिंती वाळवून रंग देतो असे सांगणारा ठेकेदार भिंत वाळवत नसतो, झाकत असतो.

घासाघीस करताना एकच मोघम आकडा पुढे करू नये. छप्पर, लाकूड आणि भिंती यांचा अंदाज स्वतंत्र मागावा. भिंतींचा खर्च दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने करता येतो. छपराचा एका पावसाळ्यापलीकडे ढकलता येत नाही. आणि मुख्य तुळया, आढे किंवा खांब गेले असतील तर बहुतेक वेळा घराची किंमत शून्य धरून फक्त जमिनीच्या भावावर बोलणे योग्य ठरते.

विक्रेत्याने ओल लपवली तर?

नव्या गृहप्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेत दोष निघाला तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, अशी तरतूद २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. जुन्या घराच्या एका व्यक्तीने दुसऱ्याला केलेल्या विक्रीला ती लागू होत नाही. तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगायला हवा. मेख ‘साधारण काळजी’ या शब्दांत आहे. भिंतीवर उघड दिसणारा डाग नंतर लपवलेला दोष म्हणून मांडणे कठीण. टाइल्सखाली जाणीवपूर्वक झाकलेली कुजकी चौकट ही वेगळी गोष्ट. पण असा दावा सिद्ध करायला वर्षे जातात.

त्यामुळे कागद आधी करावा. विसार देताना किंवा साठेखतात तीन गोष्टी लिहून घेता येतात : छपराची शेवटची दुरुस्ती कधी झाली, वाळवीचा किंवा गळतीचा इतिहास काय आणि गेल्या दोन वर्षांत कोणत्या भिंतींवर नवा गिलावा, टाइल्स किंवा रंग चढला. पाहणीच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, तुळईच्या टोकांचे आणि जोत्याचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत. व्यवहार हिवाळ्यात ठरत असेल आणि विक्रेत्याला घाई नसेल, तर विसार लहान ठेवून खरेदीखत पावसाळ्यानंतर करण्याची अट घालावी. त्या पावसाळ्यापुरती शाकारणी खरेदीदाराने आपल्या खर्चाने करून द्यायची तयारी दाखवली, तर पुष्कळ विक्रेते या अटीला राजी होतात, कारण व्यवहार मोडला तरी त्यांचे छप्पर दुरुस्त झालेले असते.